भुईवर घ्या

नवरी म्हणून पांढुर्ण्याच्या घरात पहिलं पाऊल टाकलं आणि मी सरळ घसरले. उंबऱ्यावरचं माप पायानं लवंडायचं, तांदूळ आत सांडू द्यायचे आणि मग हळूच आत यायचं, हे सगळं आईनं मला सौंसरहून नीट शिकवून पाठवलं होतं. पण ते शिकवणं शेणानं सारवलेल्या जमिनीसाठी होतं. तिथं तांदूळ सांडले की सांडतात तिथंच पडून राहतात. इथं माप लवंडलं आणि तांदूळ खोलीभर पळत सुटले, कोपऱ्यात गेले, बाजेखाली गेले. त्यांच्यावर माझा पाय पडला आणि मी नवऱ्याचा शेला धरून खाली बसले. बायका फिदीफिदी हसल्या. सासूबाई धावत आल्या. मला वाटलं, सून पडली म्हणून आल्या असतील. त्या माझ्या पायाशी वाकल्या, जोडव्याच्या बाजूनं फरशीवर बोट फिरवलं आणि सुटकेचा श्वास टाकून म्हणाल्या, "नाही बाई. ओरखडा नाही पडला."

मी थक्क झाले. तोंडावर मुंडावळ्या नसत्या तर काहीतरी बोललेच असते.

फरशी मोझॅकची होती. राखाडी रंगात काळे आणि लाल चिप्स. नागपूरहून ट्रकनं टाइल आल्या होत्या, त्या बसवून झाल्यावर घासायचं मशीन आलं होतं, आणि त्या घिसाईचा राखाडी चिखल गल्लीच्या नालीतून वाहिला होता. आमच्या गल्लीत असली फरशी पहिलीच. लोक बघायला यायचे, पायताणं अंगणात काढायचे आणि तरीही सासूबाई म्हणायच्या, "पाय पुसा जी जरासे."

खरा धक्का मला आठवड्याभरानं बसला. शेजारची बाई विहिरीवर मला म्हणाली, "तूच नं ते शेनात हात न घालनारी सून? तुह्यासाठीच फरशी लावली म्हन्तात." माझ्या हातातला दोर सुटता सुटता राहिला. चौकशी केली तर कळलं की आमचं लग्न ठरल्याबरोबर सासूबाईंनी घरात जाहीर केलं होतं, पोरगी सौंसरची आहे, अकरावी शिकलेली आहे, तिच्यानं सारवण होणार नाही, तेव्हा सून यायच्या आत फरशी लागली पाहिजे. मला न बघता, न विचारता! मी घरात यायच्या आधीच माझी अब्रू गल्लीभर गेली होती. आणि मी तर परकर नेसायला लागल्यापासून सारवत आले होते.

माझ्या माहेरच्या घरात तीन तऱ्हेच्या जमिनी होत्या. समोरच्या खोलीत लाल रंगाचा सिमेंटचा कोबा. दिसायला मोठा झोकदार, पण दोन उन्हाळ्यांत त्याला भेगा पडल्या, भेगांमध्ये मुंग्यांनी बिऱ्हाड केलं, आणि त्याचा लाल रंग बसणाऱ्याच्या धोतराला लागायचा. न्हाणीत शहाबादी फरशी होती. ती कशालाही दाद देत नसे, मात्र तिच्या सांध्यांत साबणाचा मळ साचायचा आणि तो काढता काढता आमची नखं झिजायची. मधल्या खोलीत आणि स्वयंपाकघरात शेणाचं सारवण. तिथं थंडीत अंगावर पांघरूण कमी असलं तरी झोप लागे, कारण ती जमीन खालून गार मारत नाही. भांडं पडलं तर फुटत नाही, लेकरू पडलं तर टेंगूळ येत नाही. माझा जीव त्या जमिनीवर होता. अशा मला शेणाची किळस आहे म्हणून नावं ठेवत होते, म्हणजे खाया न पिया, गिलास तोडा बारा आना.

मी तणतणत घरी आले आणि सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्ही माझं नाव कायले सांगितलं?"

त्या फरशी पुसत होत्या. ओलं फडकं पिळत, वर न बघता म्हणाल्या, "मंग का माहं सांगू? माहं कोन आयकते?"

एवढंच. राग माझा लगेच गेला नाही, हेही खरं. हळूहळू समजत गेलं. तीन खोल्या, ओसरी आणि अंगण. दर आठवड्याला सारवण, शिवाय सण, शिवाय पंगत उठली की उष्ट्यावर शेणाचा बोळा. पावसाळ्यात ते वाळायचं नाही आणि घरभर आंबूस वास राहायचा. उन्हाळ्यात पापुद्रे निघायचे. कापूस वेचून घरात आणून टाकला की ओल्या सारवणाला सरकीसकट चिकटायचा. भिंतीच्या कडेनं उधई, म्हणजे वाळवी. आणि एवढं करून वाळायच्या आत कुणाचं तरी पाऊल उमटायचंच. सासूबाईंच्या उजव्या हाताची बोटं पेरांशी वाकलेली होती, सरळ होत नसत. हळदीकुंकवाला त्या हात पदराखाली ठेवायच्या. फरशी लागली त्या दिवसापासून त्यांनी शेणात हात घातला नव्हता, गोवऱ्या थापायलासुद्धा दुसरी बाई सांगितली होती. त्या फरशीला त्या नेहमी फरशी म्हणायच्या, शब्द तोंडात घोळवून. "फरशीवर बसा." "फरशी पुसली का?" "फरशीवर सांडू नको."

आणि फरशीचे नखरेही मी बघितले. थंडीत तिच्यावर पाय ठेवला की कळ डोक्यात जायची. तेलाचा थेंब पडला तर माणूस उताणा. हळदीचा डाग महिनाभर. पण सगळ्यात मोठी गंमत अशी की संत्र्याच्या रसानं तिचं पॉलिश जायचं. जिथं थेंब पडला तिथं तिची चमक मरायची, कितीही पुसा. आमचं घर संत्र्याच्या बगीच्यावर चालणारं, आणि त्या घरात संत्रं सोलायला बंदी! मामाजी, म्हणजे माझे सासरे, स्वतःच्या झाडाचं संत्रं घेऊन उंबऱ्याबाहेर उकिडवे बसायचे आणि साल हातात धरून, मान पुढं काढून, गुन्हेगारासारखे खायचे. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना.

मामाजींना फरशीचं कौतुक नव्हतं, पण उन्हाळा लागला आणि त्यांचं मन बदललं. दुपारी बगीच्यातून आले की बनियन काढून उघड्या पाठीनं मधल्या खोलीत आडवे व्हायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "भुई मस्त गार हाय." सासूबाई लगेच दुरुस्ती करायच्या, "भुई नाही, फरशी." ते हुं म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी परत भुईच. त्यांच्या तोंडात तो शब्द जन्मापासून बसलेला. पायाखाली जे असतं ती भुई, मग ती शेणाची असो की मोझॅकची. आम्ही हसायचो. त्या एका शब्दानं घरात काय घडणार आहे याची कुणाला कल्पना असणार!

मे महिना होता. मामाजी झाडांना पाणी द्यायला भर दुपारी गेले आणि आले ते भिंतीला धरून. अंग चुलीसारखं तापलेलं, घाम नाही, डोळे लाल. अंगणातच उलटी झाली. त्यांना आम्ही मधल्या खोलीत बाजेवर निजवलं. माझा नवरा तेव्हा जेवायला घरी आला होता, तो तसाच सायकल काढून डॉक्टरांना आणायला गेला. सासूबाई कांदा किसून तळपायांना चोळत होत्या, मी कैरी उकडायला टाकली. तेवढ्यात सावरगावहून आत्याबाई आल्या. या मामाजींच्या मोठ्या बहीण, नदीपलीकडंच राहायच्या. उन्हाळ्यात जाम नदीला पाणी नसतं, त्यामुळं बातमीही लवकर जाते आणि आत्याबाईही लवकर येतात.

मामाजी बरळत होते. काही बैलांबद्दल, काही मोटेच्या दोराबद्दल. मग एकदम स्पष्ट आवाजात म्हणाले, "मले भुईवर घ्या."

पंखा हलवणारा माझा हात थांबला. आमच्याकडं भुईवर घेणं याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. माणसाची वेळ आली की त्याला बाजेवरून उतरवून सारवलेल्या जमिनीवर ठेवतात, तोंडात तुळशीचं पान घालतात. गावात कुणी अमक्याला भुईवर घेतलं असं म्हणालं की ऐकणारा पुढचं विचारत नाही, टोपी घालून निघतो. ते शब्द मामाजी स्वतःच्या तोंडानं बोलले होते, आणि परत बोलले. "भुईवर घ्या वो मले."

"आयकलं का?" आत्याबाई म्हणाल्या. "जानाऱ्या मानसाले समजते बाई. घ्या त्याले भुईवर."

सासूबाई आणि मी बाजेची दोन टोकं धरायला पुढं झालो आणि आत्याबाईच ओरडल्या, "पन कुठी हाय तुमच्या घरी भुई? हे त फरशी व्हय! हिच्या खाली सिमट, त्याच्या खाली रेती. मानसाचा जीव असा अधांतरी सोडाचा का?"

आम्ही दोघी खाली बघत राहिलो. खरंच, घरात हातभर भुई नव्हती. मधली खोली, स्वयंपाकघर, ओसरी, सगळीकडं ती राखाडी चमक. मी म्हटलं, "फरशीवरच शेण सारवते."

"ते का ताट हाय राख लावून घासाले? वरून शेन लावलं त खालची फरशी जाते का?"

"मग अंगणात घेऊ."

"एवढ्या उनात? आनि घरधनी घराबाहेर मरते का?"

गोठ्यात भुई होती. पण ते नाव काढल्याबरोबर आत्याबाईंनी डोळे वटारले. "कोठ्यात ढोर मरते!"

"आत्याबाई, डॉक्टर येतच असतील," मी म्हटलं. "थोडं थांबा." माझ्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. सासूबाई उठल्या आणि मागच्या दारानं बाहेर गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. बाईमाणसाला घरात रडायला मागचं दारच असतं.

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात सब्बल होती, विहिरीच्या कामाची, टोकाची लोखंडी सब्बल.

"सरका," त्या म्हणाल्या.

मला आधी समजलंच नाही. पदर खोचला, वाकड्या बोटांनी सब्बल धरली आणि फरशीवर घातली. पहिला घाव पॉलिशवरून सटकला, एक पांढरा चरा उठला. नुसत्या जोडव्याच्या ओरखड्याच्या भीतीनं हवालदिल होणारी बाई! दुसरा घाव सांध्यावर बसला आणि टाइल फुटली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी "आई" म्हणून ओरडले, तेही मला माझंच ओरडणं वाटलं नाही.

आत्याबाई मागं सरकून भिंतीला टेकल्या होत्या. "अवं, हे काय करून राहिली तू? म्या त बोलाची गोष्ट बोलली!"

"ह्याहीनं मले जिंदगीत काही मांगलं नाही," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "आज मांगून राहिले."

आणि परत घाव. खोली धुळीनं भरली. बाजेवर मामाजी कण्हत होते, त्यांच्या कपाळावरच्या ओल्या फडक्यावर सिमेंटची पूड बसत होती. मी ती पुसत होते आणि बघत होते. दारात शेजारीण येऊन उभी राहिली, तिनं एकदा खड्डा बघितला, एकदा बाज बघितली आणि पदर तोंडाला लावला. टाइल एकामागून एक निघत होत्या, काही अख्ख्या, काही तुकडे होऊन. आता आत्याबाईच घाबरून सांगायला लागल्या, "पुरे बाई, पुरे. पुरा मानूस नाही मावला तरी चालते. पाठ टेकली पाहिजे फक्त."

टाइलखाली सिमेंट निघालं, त्याखाली रेती. रेती हातानं बाजूला सारली तर खाली जुनी जमीन होती, सारवणावर सारवण चढून कांद्यासारखी पापुद्र्या-पापुद्र्यांची झालेली. सासूबाईंनी तिच्यावर तळहात ठेवला. क्षणभरच. मग मला म्हणाल्या, "शेन आन."

मी गोठ्यातून शेण आणलं. कालवायला मी बसले तर त्यांनी टोपलं माझ्या हातातून ओढून घेतलं आणि स्वतः हात घातला. इतक्या महिन्यांनी. सर्रकन हात फिरवून तेवढा तुकडा सारवला, आणि आम्ही तिघींनी चादरीसकट मामाजींना उचलून खाली ठेवलं. डोकं फरशीवर, पाय फरशीवर, पाठ ओल्या शेणाच्या खड्ड्यात. आत्याबाईंनी तुळशीचं पान काढलं. सासूबाई पायांशी बसल्या, हात शेणाचे तसेच.

अशा वेळी माझा नवरा डॉक्टरांना घेऊन दारात आला.

डॉक्टर उंबऱ्यातच थबकले. हिंदी बोलणारे होते, नवीनच बदलून आलेले. "ये क्या है? कुआँ खोद रहे हो क्या?" नवऱ्याचा चेहरा तर मला बघवेना. त्याला वाटलं सगळं संपलं, आणि त्याच वेळी त्याची नजर फुटलेल्या टाइलवरून हलत नव्हती. डॉक्टरांनी बॅग उघडली, नाडी बघितली, डोळे बघितले, आणि चिडून म्हणाले, "लू लगी है इनको. किसने कहा मर रहे हैं?" खिडकीच्या गजाला सलाइनची बाटली टांगली. अंग ओल्या चादरीनं पुसायला सांगितलं. "इस खड्डे से तो निकालो पहले."

निघाले मग खड्ड्यातून. बाटली उतरत गेली तसा ताप उतरत गेला. उन्हं कलायच्या सुमाराला मामाजींनी पाणी मागितलं, पन्हं घेतलं आणि कुशीवर वळले. समोर खड्डा होता.

"भुई कोनं उकरली?" त्यांनी विचारलं.

आत्याबाई म्हणाल्या, "तूच नाही का म्हनला, भुईवर घ्या म्हून?"

"हाव, म्हनलो. बाज तापली होती. पाठ भाजून राहिली होती माही. भुई गार लागते, म्हून म्हनलो."

आधी मला कळलं, मग नवऱ्याला, मग आत्याबाईंना. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. सासूबाईंना सगळ्यात शेवटी कळलं, कारण त्यांना ते कळून घ्यायचंच नव्हतं. त्या उठून उभ्या राहिल्या. मी त्या घरात आल्यापासून त्यांचा चढा आवाज ऐकला नव्हता. "फरशी म्हनाचं!" त्या ओरडल्या. "फरशी! भुई नाही, फरशी! किती खेपा सांगतलं तुमाले! एक शब्द नाही आला तुमच्या तोंडात!"

मामाजी आधीच अशक्त, ते आणखी लहान दिसायला लागले. "मले काय मालूम," ते पुटपुटले, "तू सब्बल घेशीन म्हून."

आणि सासूबाई खाली बसल्या आणि रडल्या. नवरा वाचला म्हणून की फरशी फुटली म्हणून, ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं आणि आजही येणार नाही. दोन्ही असेल. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर त्यांनी तो झिडकारला नाही. नवरा समजुतीनं म्हणाला, "आई, मी नागपूरले जातो नं. अशाच टाइल आनतो."

तेव्हा आत्याबाईंना त्यांचं शहाणपण परत सापडलं. खड्ड्याच्या काठाशी बसून त्या आत बघत म्हणाल्या, "मी म्हन्ते, बुजवता कायले? राहू द्या असाच. वरून पाटा ठेवा एखादा. आपन सारे पिकली पानं. आज त्याले नाही लागला, उद्या लागीन. तुले बी लागीन बाई, हात भर भुई त पाहिजेच."

मला वाटलं, सासूबाई मान डोलावतील. आत्याबाईंपुढं त्यांनी कधी नाही म्हटलेलं मला आठवत नव्हतं. त्यांनी पदरानं नाक पुसलं, फुटक्या टाइलचे तुकडे ओंजळीत गोळा केले, आणि माझ्याकडं बघून बोलल्या. आत्याबाईंकडं नाही, पोराकडं नाही, माझ्याकडं.

"सूनबाई, हा खड्डा उद्याच बुजला पाहिजे. आनि माही बारी आली त भुई उकराची नाही. शेन लावाचं नाही. मले फरशीवरच ठेवजा."

नवरा आईकडं बघतच राहिला. आत्याबाईंचा चेहरा असा झाला की मघाशी सब्बल बघूनही तसा झाला नव्हता. "अवं, काय बोलून राहिली तू? देवाधर्माचं काही हाय की नाही? फरशीवर मेलेल्या मानसाले गती भेटत नाही!"

सासूबाईंनी ओंजळीतले तुकडे टोपल्यात टाकले. हात झटकले.

"नाही भेटली त नाही भेटली," त्या म्हणाल्या. "फरशी त भेटली."